भाजणं वेगळं, उकडणं वेगळं

एप्रिल उजाडला की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सामना सुरू होतो. अकोल्याचा मामेभाऊ दुपारी दोनच्या सुमाराला मोबाइलचा स्क्रीनशॉट टाकतो : ४५. डोंबिवलीतून मी ‘इथे ३४, जीव नकोसा झालाय’ असं लिहिलं की त्याचं ठरलेलं उत्तर येतं, ‘काहून बे, चौतीसवरच रडून राह्यला?’ मग पुण्याची मावशी आपले ३९ घेऊन मध्ये पडते आणि पूर्वी पुण्यात पंखासुद्धा लागत नसे हे सालाबादप्रमाणे सांगून जाते. ह्यूस्टनचा भाचा नुसतं ‘९८’ लिहितो, त्यावर कुणीतरी हमखास विचारतं, ‘ताप आलाय का रे?’ संध्याकाळपर्यंत अकोला जिंकलेलं असतं. माझा जन्म अकोल्याचा, संसार बावीस वर्षं डोंबिवलीत. त्यामुळे या सामन्यात मी दोन्ही बाजूंनी खेळलो आहे आणि दोन्ही बाजूंनी खोटंही बोललो आहे.

ही घरगुती गंमत एवढ्यावरच राहिली असती तर लेख लिहायचं कारण नव्हतं. पण हाच सामना वर्तमानपत्रांत, वाहिन्यांवर आणि समाजमाध्यमांवर तितक्याच उथळपणे चालतो. ‘जगातल्या सर्वांत उष्ण शहरांच्या’ याद्या येतात, त्यात चंद्रपूर, अकोला, ब्रह्मपुरी वरच्या क्रमांकावर दिसली की बातमीला पदकतालिकेचा सूर लागतो. मुंबईकरानं तक्रार केली की विदर्भातून टोमणे सुटतात, आणि जुलै २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये पारा पहिल्यांदाच चाळिशी ओलांडून गेला तेव्हा तर ‘चाळीसला आम्ही वरातीत नाचतो’ हा विनोद निम्म्या महाराष्ट्रानं एकमेकांना पाठवला. माझं म्हणणं सरळ आहे. तापमानाचा आकडा हा हवेचा आकडा आहे, माणसाला होणाऱ्या त्रासाचा नाही. दोन प्रदेशांतल्या उन्हाळ्याची तुलना नुसत्या अंशांवर करणं म्हणजे दोन माणसांच्या गरिबीची तुलना त्यांच्या खिशातल्या नाण्यांच्या संख्येवरून करणं. नाणी रुपयाची की दहाची, हे कुणी विचारतच नाही. आणि या चुकीची किंमत टोमण्यांपुरती राहत नाही. सुट्टी कधी द्यायची, काम कधी थांबवायचं, इशारा कुणाला द्यायचा, हे सगळं त्याच एका आकड्याच्या आधारानं ठरायला लागतं.

आधी आकड्याची बाजू मान्य करतो, कारण ती भक्कम आहे. सगळीकडे एकाच पद्धतीनं मोजलेला आकडा नसता तर तुलनाच करता आली नसती, मावशीच्या ‘पूर्वी असं नव्हतं’ला उत्तर देता आलं नसतं, आणि हवा खरोखर तापते आहे हेही कळलं नसतं. पांढऱ्या रंगाची, फटींच्या भिंती असलेली ती लाकडी पेटी, तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, मोकळ्या जागेत उभी असते. कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासूनची, हवामान खातं १८७५ चं. पुण्यात शिवाजीनगरला जिला लोक अजून ‘शिमला ऑफिस’ म्हणतात ती इमारत, खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं त्याची आठवण. इतक्या पिढ्यांनी नेमानं केलेल्या नोंदींना ‘मला तर जास्त उकडतंय’ हे उत्तर होऊ शकत नाही. जाणवणं हे माणसागणिक बदलतं, पारा बदलत नाही. पण ही पेटी जे मोजते ते नीट समजून घ्या. ती सावलीतली हवा मोजते, वारा खेळता असलेली. रस्त्यावर डांबर पसरणाऱ्या बाईच्या डोक्यावरचं ऊन ती मोजत नाही, पत्र्याखालची खोली मोजत नाही. पेटीचा तो दोष नव्हे. तिला जे विचारलेलंच नाही त्याचं उत्तर आपण तिच्या तोंडी घालतो, हा दोष आपला.

आणि आकड्याच्या नादात आकडाही धड तपासला जात नाही. २९ मे २०२४ ला दिल्लीत मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्रानं ५२.९ अंश दाखवले. देशाचा विक्रम मोडला म्हणून एकच गहजब झाला, कारण तोवरचा उच्चांक राजस्थानातल्या फलोदीचा, १९ मे २०१६ चा ५१ अंशांचा होता. पुढे हवामान खात्यानं तपासणी केली तर सेन्सर तीन अंश जास्त दाखवत होता. त्याच आठवड्यात नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं चक्क ५६ अंश दाखवले, तोही यंत्राचाच दोष निघाला. लिबियातल्या अल अझिझियाचा १९२२ सालचा ५८ अंशांचा विक्रम तर नव्वद वर्षं पाठ्यपुस्तकांत मिरवला आणि २०१२ मध्ये जागतिक हवामान संघटनेनं तो रद्द केला. माझा प्रश्न वेगळाच आहे. मुंगेशपूरला ५२.९ होते की ४९.९, यानं त्या दुपारी तिथे विटा वाहणाऱ्याला काय फरक पडला? विक्रम हुकला म्हणून बातमी संपली. ऊन तिथेच होतं.

या मोजपट्ट्यांचा इतिहास पाहिला तर एक मजेशीर गोष्ट दिसते. डॅन्झिगमध्ये जन्मलेल्या फॅरनहाइटनं १७२४ मध्ये आपली पट्टी मांडली तेव्हा तिच्या एका टोकाला बर्फ, पाणी आणि नवसागराचं मिश्रण होतं, आणि दुसऱ्या टोकाला निरोगी माणसाचं शरीर, ९६ अंशांवर. म्हणजे माणूस त्या पट्टीतच होता. १७४२ मध्ये स्वीडनच्या सेल्सिअसनं पाण्याचं गोठणं आणि उकळणं हे दोन टोकांना धरलं, तेही उलटं : उकळत्या पाण्याला शून्य आणि बर्फाला शंभर! त्याच्या मृत्यूनंतर ती पट्टी सुलटी झाली. पाणी जगभर सारखंच वागतं, त्यामुळे शास्त्राच्या दृष्टीनं हे उत्तमच झालं. पण शरीर मात्र पट्टीतून बाहेर पडलं. अमेरिकेतले आपले लोक तिकडे चार वर्षं राहिले की ‘फॅरनहाइटच कसं माणसाला सोयीचं, शून्य म्हणजे फार थंड, शंभर म्हणजे फार गरम’ असं सांगू लागतात. त्यात थोडं तथ्य आहे, बरीचशी सवय आहे. ह्यूस्टनच्या दमट ९८ चा आणि फिनिक्सच्या कोरड्या ९८ चा फरक त्यांच्या पट्टीलाही सांगता येत नाहीच.

आपल्याकडे गंमत अशी की दोन्ही पट्ट्या एकाच घरात सुखानं नांदतात. हवेला सेल्सिअस, तापाला फॅरनहाइट. ‘बाहेर ३९ आहे’ आणि ‘पोराला १०२ आहे’ ही दोन वाक्यं आपण एका दमात बोलतो आणि त्या दोन्ही आकड्यांचा अर्थ जवळजवळ एकच आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. १०२.२ म्हणजे बरोबर ३९. पुण्याच्या एप्रिलमधले ३९ म्हणजे रोजचीच दुपार. काखेतले ३९ म्हणजे डॉक्टरकडे धाव. अंश तोच, पण कुठे आहे त्यावर त्याचा अर्थ पार बदलतो. हे आपल्याला घरात कळतं. मग नकाशावर का कळू नये?

भाषेला तर ते केव्हाच कळलेलं आहे. विदर्भातला माणूस म्हणतो, ऊन लागलं, झळा लागल्या, चटका बसला, अंग भाजून निघालं. कोकणातला म्हणतो, उकडतंय. स्वयंपाकघरातल्या या दोन क्रिया आहेत आणि कुठलीही सुगरण सांगेल की त्या एक नव्हेत. भाजणं कोरडं, उकडणं वाफेवर. ओव्हनमधून नानकटाईचा ट्रे काढताना आत दीडशेच्या वर तापलेली हवा असते, फडकं धरलेला हात त्यात क्षणभर जातो आणि सुखरूप बाहेर येतो. मोदकपात्राचं झाकण उघडताना वाफ मनगटावर आली, ती शंभरच अंशांची, तर फोड येतो. आकड्याप्रमाणे पाहिलं तर ओव्हन जिंकला. हातानं विचारलं तर?

ज्याला यंत्राशिवाय हा फरक पाहायचा आहे त्यानं घरातला माठ पाहावा. अकोल्यात आमच्या ओसरीवर, खाली वाळू पसरून ठेवलेला माठ असे. मे महिन्यात बाहेर ४४-४५ असताना त्यातलं पाणी दाताला लागेल इतकं गार. डोंबिवलीत मी हौसेनं माठ आणला, खाली वाळू, वर ओलं फडकं, सगळं साग्रसंगीत. बाहेर ३४ आणि पाणी कोमट. पहिल्या वर्षी मी कुंभाराला दोष दिला. दोष कुंभाराचा नव्हता. माठ गार होतो तो त्याच्या अंगातून पाझरलेलं पाणी उडून जातं म्हणून. कोरड्या हवेत ते झपाट्यानं उडतं, दमट हवेत उडायला जागाच नसते. शास्त्रज्ञ थर्मामीटरच्या फुग्याला ओलं कापड गुंडाळून हेच मोजतात, त्याला आर्द्र तापमान म्हणतात. ४५ अंश आणि दहा टक्के आर्द्रता असली तर हे आर्द्र तापमान साधारण २१ ते २२ भरतं. ३४ अंश आणि सत्तर टक्के असली तर २९ च्या वर. म्हणजे माठाच्या पट्टीवर डोंबिवली अकोल्यापेक्षा सात-आठ अंशांनी ‘गरम’. मामेभावाला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यानं तीन हसणारे चेहरे पाठवले होते.

पण माणूस हाही एक माठच आहे. नुसतं बसून राहिलं तरी शरीर शंभर वॉटच्या बल्बएवढी उष्णता तयार करत असतं आणि ती बाहेर टाकली नाही तर आतल्या आत साठते. हवा त्वचेपेक्षा गार असेल तोवर वारा ती घेऊन जातो. हवा तापत गेली की उरतो तो फक्त घाम. एक लिटर घाम अंगावरून उडून गेला की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत घेऊन जातो. अट एकच : उडाला पाहिजे. नुसता ओघळला तर पाणीही गेलं, मीठही गेलं आणि अंग तापलेलंच राहिलं. लोकलमध्ये दाराशी जागा न मिळालेल्या कुणालाही हे शिकवावं लागत नाही. आर्द्र तापमान ३५ च्या वर गेलं तर सावलीत, पंख्याखाली, अंगावर पाणी ओतत बसलेला निरोगी माणूसही काही तासांत दगावेल असं गणित २०१० मध्ये मांडलं गेलं. पुढे २०२२ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात तरुण, धडधाकट लोकांवर प्रयोग झाले तेव्हा दिसलं की दमट हवेत शरीराचा तोल ३१ च्या आसपासच सुटायला लागतो. म्हातारे आणि आजारी माणसं त्याच्याही आधी. २९ आणि ३१ मध्ये अंतर किती, हे मुंबईकरांनी स्वतःच मोजावं.

आता विदर्भाची बाजू, आणि ती मी अर्ध्या मनानं मांडणार नाही. वर जे लिहिलं त्यावरून ‘मग अकोल्याचं ऊन मुंबईपेक्षा बरंच की’ असा निष्कर्ष कुणी काढला तर तो तितकाच खोटा ठरेल. हवा ४५ अंशांवर गेली की ती स्वतःच शरीराला तापवायला लागते, पंखा म्हणजे भट्टीचा भाता होतो. चाळिशीच्या पुढे पंख्याचा भरवसा धरू नका असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. घाम इतका चटकन उडतो की तो आलाय हेच कळत नाही. माणूस कोरडाच दिसतो आणि आतून पाणी संपत आलेलं असतं. म्हणून तर डोक्याला-कानाला दुपट्टा बांधल्याशिवाय आणि खिशात कांदा टाकल्याशिवाय आजी बाहेर पाठवत नसे (कांद्यात औषध किती ते सोडा, पण तो कांदा घेण्याच्या निमित्तानं पोरगं पाणी पिऊन बाहेर पडे). पंचवीस मेच्या सुमाराला नवतपा, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचे मानलेले नऊ दिवस, लागतो, आणि सव्वीस मेच्या आसपास नागपुरात सूर्य नेमका डोक्यावर येऊन सावली पायाखाली नाहीशी होते. पंचांग आणि खगोलशास्त्र एका तारखेवर एकमेकांना भेटतात असे प्रसंग थोडे, त्यातला हा एक. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ वर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. ‘कोरडंच तर आहे’ हे वाक्य अमेरिकेत फिनिक्सच्या बाबतीत विनोदानं म्हणतात. त्याच फिनिक्समध्ये २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ४३ च्या वर राहिला आणि त्या एका परगण्यात वर्षभरात ६४५ माणसं उष्णतेनं गेली. म्हणून मी कोण जास्त सोसतो याचा निकाल फिरवायला बसलेलो नाही. मला तो सामनाच नको आहे. भाजणाऱ्याला जे वाचवतं ते उकडणाऱ्याला वाचवत नाही, आणि हे न कळता दोघांना एकाच पट्टीवर उभं केलं की दोघांचंही नुकसान होतं.

उदाहरणच द्यायचं तर सावलीचं. आमच्या सोसायटीचा वॉचमन वाशीमकडचा. उन्हाळ्याचा विषय निघाला तेव्हा म्हणाला, ‘तिकडं सावली भेटली की सुटलो साहेब. इथं सावलीतबी तेच.’ अकोल्यात आम्ही संध्याकाळी गच्चीवर पाण्याच्या बादल्या ओतायचो, फरशी चर्र करायची, रात्री चादर ओली करून पांघरायची आणि पहाटे चक्क गारठा वाजायचा. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावला की खोलीला मातीचा, पावसाचा वास. डोंबिवलीत तोच कूलर म्हणजे खोलीत आणखी वाफ सोडण्याचा उद्योग. ओली चादर सकाळपर्यंत ओलीच. दोन वर्षांपूर्वी मामेभाऊ मे महिन्यात लग्नासाठी आमच्याकडे दोन रात्री राहिला. दुसऱ्या रात्री तीन वाजता मी उठलो तर हा बाल्कनीत उघडाबंब, मोबाइल हातात. ‘एकोणतीसच दाखवते बे हे,’ म्हणाला, जणू मोबाइलनं त्याला फसवलं होतं.

दुसरा आक्षेप सवयीचा, आणि तोही खरा आहे. आठवडा-दोन आठवडे उन्हात काढले की शरीर बदलतं : रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. नागपूरकर ४२ ला कामावर जातो यात काही जादू नाही, तयारी आहे. पण सवयीचा हा मुद्दा टोमणा मारणाऱ्याच्याच विरुद्ध जातो. जर सवय महत्त्वाची, तर ज्याला सवय नाही त्याचे चाळीस हे तुमच्या चाळिसांपेक्षा वाईट, नाही का? इंग्लंडमध्ये १९ जुलै २०२२ ला कॉनिंग्जबीला ४०.३ अंश नोंदले गेले. तिथली घरं उष्णता आत धरून ठेवण्यासाठी बांधलेली, एसी मोजक्या घरांत, कूलर हा शब्द ठाऊक नाही, माठ नाही, पन्हं नाही, दुपारी दोन ते चार दुकान बंद ठेवायची रीत नाही. ऑगस्ट २००३ मध्ये पॅरिसमध्ये दिवसा चाळिशीच्या जवळ जाणारा आणि काही रात्री पंचविशीच्याही खाली न येणारा पारा होता. एकट्या फ्रान्समध्ये सुमारे पंधरा हजार माणसं गेली, त्यात एकटी राहणारी म्हातारी माणसं फार. हे आकडे वाचून वरातीतल्या नाचाचा विनोद पाठवून पाहा. आणि हाच न्याय थंडीला लावा. निफाडला पारा चार-पाचवर आला की द्राक्षबागाईतदार रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसतात. ओस्लोतला माणूस म्हणाला की चार अंशांना आम्ही मुलांना बाहेर खेळायला सोडतो, तर आपल्याला ते शहाणपणाचं वाटेल का? घर, कपडा, पीक आणि शरीर ज्या हवेसाठी घडलं तिच्यापासून हवा किती दूर गेली, हे अंतर मारतं.

हवामान खात्याला हे माहीत नाही असं नाही. उष्णतेच्या लाटेची त्यांची व्याख्याच मुळात प्रदेश पाहून केलेली आहे : मैदानी भागात कमाल तापमान किमान ४०, किनाऱ्यावर ३७, डोंगराळ भागात ३०, आणि शिवाय सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त. ४५ गाठले तर सरासरी न पाहताही लाट. किनाऱ्यासाठी ‘उष्ण व दमट’ असा वेगळा इशाराही असतो, आणि २०२३ पासून आर्द्रता धरून काढलेल्या उष्णता निर्देशांकाचे नकाशे प्रायोगिक म्हणून येऊ लागले. हे सगळं चांगलंच. पण व्याख्येच्या तळाशी अजून दुपारचा पारा बसला आहे. ‘उष्ण रात्र’ जाहीर करायची तर रात्रीचं किमान तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त हवं, आणि त्या दिवशीचं कमाल तापमान चाळीस किंवा अधिक हवं. आता सांगा, ज्या मुंबईत मे महिन्याची दुपार ३४ ची असते तिथे रात्र कितीही कोंदली तरी ती नियमानं ‘उष्ण’ कधी ठरणार? माझा मामेभाऊ ज्या रात्री बाल्कनीत उघडा बसला होता ती रात्र कागदावर साधीच होती.

खारघरचं उदाहरण कुणी विसरू नये. १६ एप्रिल २०२३, महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा, लाखोंची गर्दी, उघडं मैदान, भर दुपार. सरकारी माहितीनुसार १४ जणांचा मृत्यू झाला. जवळच्या केंद्रावरचं कमाल तापमान होतं ३८ च्या आसपास. अकोल्याच्या भाषेत, काहीच नाही. पण ते ३८ सावलीतल्या पेटीचे होते. उन्हात तासन्‌तास खेटून बसलेल्या माणसांचे नव्हते, खाडीकाठच्या घामट हवेचे नव्हते. अमेरिकेच्या मरीन दलानं दक्षिण कॅरोलायनातल्या पॅरिस आयलंडच्या प्रशिक्षण तळावर जवान कोसळायला लागले म्हणून १९५० च्या दशकात एक वेगळं माप वापरायला घेतलं. त्यात ओल्या फुग्याच्या तापमानाला सात भाग महत्त्व, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याच्या तापमानाला दोन भाग, आणि आपण ज्याच्यावरून भांडतो त्या हवेच्या तापमानाला फक्त एक भाग. दहातला एक! सैन्याला शौर्याच्या गप्पा परवडतात, उगाच मेलेले जवान परवडत नाहीत.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो, आणि तो शहरी विद्वानांकडून नव्हे, शेतकऱ्यांकडून येतो. मापं गुंतागुंतीची केली की सरकारला हात झटकायला जागा मिळते. महाराष्ट्रानं हे दुष्काळाच्या बाबतीत भोगलं आहे. पूर्वी आणेवारी, मग पैसेवारी : नेहमीचं पूर्ण पीक म्हणजे रुपया धरायचा, पन्नास पैशांच्या आत पीक आलं की टंचाई. एका आकड्यावर गावाचं नशीब, आणि तो आकडा तलाठ्याच्या अंदाजावर. त्यावर अन्याय झाला म्हणून २०१६ ची दुष्काळ व्यवस्थापन संहिता आली, त्यात पाऊस, पेरणी, जमिनीतला ओलावा, उपग्रहातून दिसणारी हिरवळ असे अनेक निकष. शास्त्र सुधारलं, पण एका निकषात बसलो आणि दुसऱ्यात अडकलो ही तक्रार तेव्हापासून गावागावांत ऐकू येते. उष्णतेचं असंच झालं तर? भीती रास्त आहे. पण त्यातून जुन्या पैसेवारीकडे परत जा असं कुणी म्हणत नाही. तिथे चूक झाली ती निकष अनेक केले म्हणून नव्हे, त्यांतले बरेचसे एकदम पुरे व्हायची अट घातली म्हणून. उष्णतेत ती अट उलटी ठेवता येते : दुपार, रात्र किंवा दमटपणा, यांतलं कुठलंही एक घातक झालं की इशारा. आणि प्रदेश पाहून वेगळं वागणं सरकारला जमत नाही असंही नाही. विदर्भातल्या शाळा बाकी राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, आणि त्यावर रत्नागिरीत कुणी मोर्चा काढलेला नाही.

काय करता येईल ते फार अवघडही नाही. बातम्यांत शहराच्या नावापुढे जो एक आकडा सरकतो, त्याच्याशेजारी रात्रीचा आकडा आणि आर्द्र तापमान सरकू द्या. अकोल्याच्या बांधकामावर सावली, पाणी आणि दुपारी काम बंद, एवढ्यानं पुष्कळ जीव वाचतील. मुंबईच्या बांधकामावर तेवढं पुरणार नाही. तिथे मजुराला मध्येमध्ये काम थांबवून बसावं लागेल, वारा लागेल, आणि रात्री झोपायला पत्र्याखेरीज दुसरं छप्पर लागेल. अहमदाबादनं २०१३ मध्ये स्वतःचा उष्णता आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. तो अहमदाबादच्या हवेचा आहे म्हणूनच चांगला. तोच उचलून अलिबागला चिकटवला तर त्याचा उपयोग आमच्या माठाइतकाच.

परवा ग्रुपवर पुन्हा ४५ चा स्क्रीनशॉट आला. मी लिहिलं, ‘इथे ३४, माठ कोमट.’ बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मावशीनं पुण्याच्या पंख्याची गोष्ट सांगून घेतली. रात्री साडेअकराला मामेभावाचा मेसेज आला, चेहरे वगैरे काही नव्हते. ‘आता किती?’

‘तीस,’ मी लिहिलं. ‘वारा नाही.’